जुना ब्राउझर सोडताना: माझे पासवर्ड आणि बाबांचे

पत्र

गेली आठ वर्षं मी क्रोम वापरते. आता नवा लॅपटॉप घेतला आणि फायरफॉक्सवर जायचं ठरवलं. जुन्या लॅपटॉपवरच्या क्रोममधून सगळे पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढले, २४० च्या आसपास होते. फाइल स्वतःलाच ईमेल केली, नव्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडली, नको त्या ओळी काढल्या, सेव्ह केली आणि फायरफॉक्समध्ये घातली. बहुतेक चालतात, पण निदान ९ ठिकाणी ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं येतं. जुन्या लॅपटॉपवर तीच लॉगिन व्यवस्थित होतात. दुसरी गोष्ट म्हणजे त्या यादीत माझ्या बाबांचेही तीसेक पासवर्ड आहेत. त्यांच्या फोनवर मीच माझं गुगल खातं घालून दिलं होतं, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्या खात्यात साठत गेलं. त्यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. आता क्रोममधले सगळे पासवर्ड एकदाचे पुसून मोकळं व्हावं असं वाटतंय. पुसू का?

उत्तर

नाही, आत्ता काहीही पुसू नका.

क्रोममधले पासवर्ड खात्याशी जोडलेले असले की ते त्या एका लॅपटॉपवर नसतात, खात्यात असतात. तुम्ही जुन्या लॅपटॉपवर बसून ‘सगळे काढून टाका’ म्हणालात, तर ते खात्यातून जातील आणि तेच खातं असलेल्या प्रत्येक उपकरणावरून जातील. म्हणजे बाबांच्या फोनवरूनही. त्यांना उद्या सकाळी वीजबिलाचं पान उघडल्यावर रिकामा रकाना दिसेल आणि आपलं काय चुकलं हे त्यांना कळणारही नाही. तुमच्या पत्रात सगळ्यात आधी माझं लक्ष या ओळीवर गेलं, म्हणून उत्तराची सुरुवात तिथून केली. शिवाय बिघडलेल्या त्या ९ पासवर्डांच्या धडधाकट प्रती त्याच क्रोममध्ये आहेत. ती जागा काही दिवस जशीच्या तशी राहू द्या.

आता ते ९ पासवर्ड. दोष फायरफॉक्सचा नाही आणि क्रोमचाही नाही. फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तिथे ते बिघडले.

सीएसव्ही ही अगदी साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक लॉगिन: नाव, पत्ता, युजरनेम, पासवर्ड, टीप, आणि मधे स्वल्पविराम. बस. कुठला रकाना आकड्यांचा, कुठला अक्षरांचा, असं त्यात काहीच लिहिलेलं नसतं. एक्सेल ती उघडताना स्वतःच अंदाज बांधतं. समजा एखादा पासवर्ड ००४८१७५ असा आहे. एक्सेलला ती संख्या वाटते, आणि संख्येच्या आधीच्या शून्यांना अर्थ नसतो, म्हणून ते ४८१७५ दाखवतं. तुम्ही दुसरीच कुठली तरी ओळ काढायला फाइल उघडलेली असता, या ओळीकडे तुमचं लक्षही जात नाही, आणि सेव्ह करताच ती दोन शून्यं कायमची गेलेली असतात.

हा झाला सगळ्यात सोपा प्रकार. सोळा आकडी पासवर्ड असेल तर आणखी वाईट. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नेमके धरून ठेवतं, सोळावा शून्य होतो. वर मोठी संख्या ते आखूड करून दाखवतं, आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहितं. बारा, मग इंग्रजी ‘ई’ अक्षर, मग पाच अशा पासवर्डचा अर्थ ते ‘बारावर पाच शून्यं’ असा लावतं. ३-४ सारखं काही असेल तर त्याची तारीख होते. पासवर्डची सुरुवात बरोबरच्या (=) चिन्हाने होत असेल तर ते त्याला सूत्र समजतं, सूत्र जमत नाही म्हणून तिथे चूक झाल्याची खूण येते, आणि पासवर्डच्या जागी ती खूणच फाइलमध्ये जाते. युजरनेममध्ये देवनागरी किंवा इतर वेगळी अक्षरं असतील आणि फाइल साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह झाली असेल, तर त्या अक्षरांची प्रश्नचिन्हं झालेली सापडतात. तुमच्या ९ ओळी यापैकीच कशात तरी बसतील. जुन्या क्रोममध्ये त्यातला एखादा पासवर्ड डोळ्याचं चिन्ह दाबून उघडा, नव्या फायरफॉक्समध्ये तोच उघडा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. कारण लगेच दिसेल.

तुम्ही ९ म्हणता, पण आठ वर्षांच्या यादीत तुम्ही अजून न उघडलेल्या साइट बऱ्याच असणार. म्हणून ते ९ हाताने दुरुस्त करून थांबू नका. बिघडलेल्या फाइलमधून आलेला सगळा साठा बाजूला सारून पुन्हा सुरुवात करणं हेच मला योग्य वाटतं. काम अर्ध्या तासाचं आहे, आणि या वेळी ते नीट होईल.

त्याआधी ईमेलचा विषय संपवू, कारण तो थांबून चालणार नाही. ती फाइल तुमच्या मेलबॉक्समध्ये पडून आहे. तिला ना कुलूप ना पासवर्ड, जो मेल उघडेल तो २४० खाती उघडेल. तुमच्या मेलमध्ये दुसरं कोणी शिरलेलं नसेल तर आज लगेच घाबरण्यासारखं काही नाही. पण ती तिथे राहू देऊ नका. स्वतःलाच पाठवलेला मेल दोन ठिकाणी असू शकतो, पाठवलेल्यांमध्ये आणि आलेल्यांमध्ये. दोन्हीकडून काढा, मग कचरापेटीत जाऊन तिथूनही काढा. मेलमध्ये काढलेली गोष्ट कचरापेटीत बरेच दिवस तशीच बसून असते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. नव्या लॅपटॉपवर ती फाइल डाउनलोड झाली होती, शिवाय एक्सेलमधून सेव्ह केलेली दुसरी प्रत असेल. त्या दोन्ही काढा आणि रिसायकल बिन रिकामा करा. तो मेल फोनवर उघडला असेल तर फोनमधलं डाउनलोडचं फोल्डरही बघा.

आणि काही पासवर्ड बदला. सगळे २४० नाही. आधी ईमेलचा, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटल्यावर बाकी प्रत्येक खात्याची किल्ली याच पत्त्यावर येते. मग बँक आणि पैशांशी संबंध असलेलं सगळं. मग जिथे तुमची कागदपत्रं किंवा फोटो आहेत ती खाती. ईमेलला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेली नसेल तर त्याच बैठकीत लावून टाका. उरलेले सावकाश बदला किंवा बदलूही नका. उगाच ठरावीक काळाने पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलावा, हे अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ पासून आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलेलं आहे. तुमच्या बाबतीत फाइल उघड्यावर पडली होती, म्हणून महत्त्वाचे तेवढे बदलायला सांगते आहे. हे बदल जुन्या लॅपटॉपवर क्रोममध्येच करा आणि तिथेच सेव्ह होऊ द्या, म्हणजे पुढे निघणाऱ्या नव्या फाइलमध्ये ते आपोआप येतील.

आता प्रत्यक्ष स्थलांतर. सगळं एका बैठकीत करा. फोन आला, जेवायची वेळ झाली म्हणून मधेच उठायचं नाही, कारण फाइल तयार झाल्यापासून पुसली जाईपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटं हाच यातला खरा धोक्याचा भाग आहे.

ती फाइल एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर न्यायची गरजच पडू नये, अशी सोय आहे. जुन्या लॅपटॉपवरच फायरफॉक्स बसवा. फाइल तिथेच काढा, तिथेच आत घ्या, तिथेच पुसा. मग दोन्ही लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये एकाच मोझिला खात्याने (मोझिला म्हणजे फायरफॉक्स बनवणारी संस्था) साइन इन करून सिंक चालू केलंत की पासवर्ड नव्या लॅपटॉपवर आपसूक पोचतात. हा प्रवास कूटबद्ध असतो. तुमच्या यंत्रावरून निघतानाच माहिती कुलूपबंद होते आणि त्याची किल्ली मोझिलाकडेही नसते. पण सिंक जोडायच्या आधी नव्या लॅपटॉपवरचा बिघडलेला साठा काढा, नाहीतर चांगले-वाईट एकत्र होतील. फायरफॉक्समध्ये उजवीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत, तिथून ‘पासवर्ड्स’ उघडा. त्या पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूत सगळे पासवर्ड एकदम काढायचा पर्याय मिळेल. मधल्या काळात फायरफॉक्समध्ये एखादा नवा पासवर्ड सेव्ह केला असेल तर तो आधी क्रोममध्ये घालून ठेवा.

मग जुन्या लॅपटॉपवर क्रोमचं पासवर्ड मॅनेजर उघडा, सेटिंग्जमध्ये जा आणि एक्सपोर्ट करा. क्रोम आधी तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागेल. फाइल कुठे ठेवता ते मात्र बघून ठरवा. मी माझे पासवर्ड हलवले तेव्हा फाइल डेस्कटॉपवर ठेवली, काम झाल्यावर पुसली, आणि निर्धास्त झाले. काही दिवसांनी ती मला क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याच्या, कचरापेटीत सापडली. डेस्कटॉप क्लाउडशी जोडलेला होता, त्यामुळे फाइल तयार होताक्षणी तिची एक प्रत वर गेली होती. त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत बसून पासवर्ड बदलले. विंडोजवर वनड्राइव्ह आणि मॅकवर आयक्लाउड, दोन्ही डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेऊ शकतात. म्हणून फाइल अशा फोल्डरमध्ये ठेवा जे कशाशीच जोडलेलं नाही, किंवा तेवढ्या वेळापुरतं सिंक थांबवा.

फाइल उघडू नका. एक्सेलमध्ये तर नाहीच, पण गुगल शीट्समध्येही नाही. आत काय आहे ते पाहायचंच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा, पाहा, आणि सेव्ह न करता बंद करा. नको असलेली लॉगिन काढायची असतील तर ती फाइलमध्ये नाही, ब्राउझरच्या आत काढायची. बंद पडलेल्या साइट, पाच वर्षांपूर्वीचं एखादं तिकीट काढायला केलेलं खातं, असलं सगळं आधी क्रोममध्येच साफ करा आणि मग एक्सपोर्ट करा. बाबांच्या लॉगिनना मात्र क्रोममध्ये हात लावायचा नाही, कारण तेच त्यांच्या फोनवर आहेत. ती फायरफॉक्समध्ये पोचल्यावर तिथून काढा. तीसच आहेत, शोधाच्या चौकटीत त्यांचा ईमेल पत्ता टाकलात की बरीचशी एकत्र दिसतील.

फायरफॉक्समध्ये पुन्हा त्याच पासवर्डांच्या पानावर जा, तीन ठिपके, फाइलमधून इंपोर्ट. झालं की तो हिशेब देतो: नवे किती आले, आधीचे किती बदलले, दुबार किती होते, चुका किती. हा हिशेब घाईने बंद करू नका. सविस्तर अहवाल उघडला की कुठली ओळ अडकली तेही कळतं. काही ओळींचा पत्ता नेहमीच्या एचटीटीपीएसने सुरू न होता ‘अँड्रॉइड’ या शब्दाने सुरू होतो. ती फोनमधल्या ॲपची लॉगिन असतात, फायरफॉक्सला त्यांचा उपयोग नाही. त्या मोजून यादीतला फरक जुळतोय का तेवढं बघा. मग पाच-सहा महत्त्वाच्या साइटवर प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा, त्या ९ पैकी दोन-तीन धरून. चाललं की फाइल पुसा. विंडोजवर शिफ्ट धरून डिलीट दाबलंत तर ती रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते.

फायरफॉक्समध्ये न येणाऱ्याही काही गोष्टी आहेत. क्रोममध्ये पासवर्डसोबत टीप लिहिता येते, आणि बरेच लोक तिथे सुरक्षा प्रश्नांची उत्तरं किंवा आणीबाणीचे कोड लिहून ठेवतात. ती टीप सीएसव्ही फाइलमध्ये येते, पण फायरफॉक्समध्ये तिला जागा नाही, त्यामुळे ती गळून पडते. तुमच्या टिपा असतील तर क्रोममध्ये एकदा चाळा आणि कामाच्या तेवढ्या वहीत उतरवून घ्या. हो, कागदावर. घरात कुलूपबंद ठेवलेला कागद इंटरनेटवरून कोणी चोरू शकत नाही. पासकी, म्हणजे पासवर्डच्या ऐवजी बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी लॉगिन, सीएसव्हीमधून अजिबात जात नाहीत. त्या सुरक्षितपणे इकडून तिकडे नेण्यासाठी फिडो अलायन्स या पासकीची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने २०२४ मध्ये एका मानकाचा मसुदा काढला आणि त्यावर काम चालू आहे, पण तुम्ही त्याची वाट पाहू नका. जिथे पासकी असेल तिथे नव्या लॅपटॉपवरून लॉगिन करा आणि नवी तयार करा. जुनी राहिली तरी बिघडत नाही. दर तीस सेकंदांनी बदलणारे कोड देणारं ॲप फोनवर असेल तर त्याचा या सगळ्याशी संबंध नाही, ते जिथे आहे तिथेच चालत राहील.

जुन्या लॅपटॉपवरून क्रोमचं प्रोफाइल फोल्डरच (क्रोम तुमची सगळी माहिती ज्यात ठेवतं ते) उचलून नव्यावर ठेवलं तर, असं कोणी सुचवेल. पासवर्डांसाठी ते चालत नाही. विंडोजवर क्रोमचे पासवर्ड त्या लॅपटॉपवरच्या तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेल्या किल्लीने बंद असतात. फोल्डर दुसरीकडे नेलं तर कुलूप सोबत येतं, किल्ली मागे राहते.

फायरफॉक्समध्ये स्थिरावल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप, लावा. तो नसेल तर तुमचा लॅपटॉप उघडा असताना किंवा कुणी त्यातली डिस्क काढून घेतली तर पासवर्ड वाचणं फारसं अवघड नसतं. एकदा लावला की ब्राउझर सुरू केल्यावर पहिल्या वेळी तो विचारेल. तसंच मोझिला खात्याची रिकव्हरी की काढून त्याच वहीत ठेवा. वर सांगितलं की सिंकची किल्ली मोझिलाकडे नसते, त्याची ही दुसरी बाजू. खात्याचा पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी कीही नसेल, तर सिंकमध्ये ठेवलेलं तुम्हाला तेही उघडून देऊ शकत नाहीत. फोनवरही फायरफॉक्स घेणार असाल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड भरण्याचं काम कुणाकडे द्यायचं ते बदला, नाहीतर फोन जुन्याच ठिकाणाहून भरत राहील. आणि आजपासून क्रोममधलं ‘पासवर्ड सेव्ह करू का’ हे विचारणं तुमच्या लॅपटॉपवर बंद करा. दोन ब्राउझर दोन वेगवेगळे पासवर्ड साठवत बसले की महिन्याभराने खरा कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

राहिले बाबा.

तुम्ही त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगायला संकोच वाटतोय हे पत्रात दिसतं. त्यांचा फोन तुम्ही मदत म्हणून लावून दिला होता, त्यात काही गैर नाही. पण गेली काही वर्षं त्यांच्या बँकेचा, दवाखान्याचा, वीजबिलाचा पासवर्ड तुमच्या खात्यात आहे, तुमच्या मेलबॉक्समधल्या फाइलमध्येही होता, आणि त्यांना ते माहीत नाही. त्यांना सांगा. सविस्तर तांत्रिक खुलासा नको. ‘बाबा, तुमचे पासवर्ड माझ्या खात्यात साठत होते, माझ्याकडून ते एका फाइलमध्ये गेले, फाइल मी पुसली आहे, पण तुमच्या बँकेचा पासवर्ड आपण आज बदलू,’ एवढं पुरे. मुलीने आपल्याला न विचारता काही केलं हे त्यांना उशिरा कळण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून कळलेलं चांगलं.

मग त्यांना त्यांचं स्वतःचं गुगल खातं काढून द्या. त्यांच्यासाठी फाइल काढायच्या फंदात पडू नका. तीस लॉगिनसाठी ते करण्यात काही फायदा नाही. एका दुपारी त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या फोनवर नवं खातं जोडा, पासवर्ड सेव्ह व्हायची जागा त्या खात्याची ठेवा, आणि एकेक साइट उघडत जा. तुमच्या लॅपटॉपवर जुना पासवर्ड बघून त्यांना सांगा, ते स्वतः टाकतील, फोन विचारेल ‘सेव्ह करू का’, ते ‘हो’ म्हणतील. दहाव्या साइटपर्यंत त्यांना ते जमलेलं असेल. तिसातल्या निम्म्या साइट ते आता वापरतही नाहीत असं बहुधा निघेल, त्या सोडून द्या. बँकेचा नवा पासवर्ड ते तुम्हाला न दाखवता ठेवू म्हणाले तर ठेवू द्या.

त्यांच्या फोनवर नवं खातं दोन आठवडे नीट चाललं, की मग तिथून तुमचं खातं काढा. तुमच्या गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर कुठकुठल्या उपकरणांवर ते उघडं आहे याची यादी असते, तिथे त्यांचा फोन आता दिसत नाही ना, ते पाहा. आणि त्यानंतर, तुम्हाला हवं होतं तसं, क्रोममधले सगळे पासवर्ड पुसा.

इतकं करूनही त्या ९ पैकी एखादं लॉगिन अडलं, तर जुन्या क्रोममध्ये त्या साइटच्या दोन नोंदी आहेत का बघा. आठ वर्षांत पत्ता बदललेल्या साइटच्या बाबतीत असं होतं: एक नोंद जुन्या पत्त्याची, एक नव्याची, आणि चालणारा पासवर्ड दुसरीकडेच असतो. नसतील दोन नोंदी, तर सरळ ‘पासवर्ड विसरलात?’ दाबा आणि नवा घ्या.